जुळलं म्हणजे कळलं का? डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांची गोष्ट



आजच्या पाठाची सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करते. काही वर्षांपूर्वी आठवीच्या वह्या तपासत होते. महर्षी कर्वे यांच्यावरच्या टिपेत एका मुलानं जन्मसाल 1885 लिहिलं होतं. खरं साल 1858. पुढची वही त्याच्या बाकावरच्या मुलाची. त्यातही 1885! मी लगेच निष्कर्ष काढला. दुसऱ्या दिवशी दोघांना उभं केलं आणि कोणी कोणाचं बघून लिहिलं ते विचारलं. दोघंही गप्प. मग मागच्या बाकावरच्या मुलाला मी वर्गासमोर बोलले. तो काहीच म्हणाला नाही, खाली बघत राहिला.

संध्याकाळी उरलेल्या वह्या काढल्या. वर्गाच्या अगदी दुसऱ्या टोकाला बसणाऱ्या एका मुलीच्या वहीतही 1885 होतं. मग आणखी दोन वह्यांत. तेव्हा लक्षात आलं की आकड्यांची अदलाबदल मुलांनी केलेलीच नव्हती. फळ्यावर मीच तसं लिहिलं होतं. बाकीच्या मुलांनी पुस्तकात बघून दुरुस्त केलं, या पाच जणांनी बाईंवर विश्वास ठेवला. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गासमोर त्या मुलाची माफी मागितली. पण आदल्या दिवशीचा त्याचा चेहरा अजून आठवतो.

दोन मजकूर जुळतात हे डोळ्यांना लगेच दिसतं. ते का जुळतात, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो विचारायला मी विसरले होते. आता आपल्या मुलांना संगणकाच्या तासाला पायथन शिकवतात. त्यात मजकुरातून नमुना शोधणं, म्हणजे पॅटर्न मॅचिंग, हा भाग येतो. तो शिकवण्याआधी मी वर्गात एका माणसाची गोष्ट सांगते. त्यांनी संगणक कधी पाहिला नाही, पण आपल्या पुण्यात बसून अठरा वर्षं हेच काम केलं, तेही अक्षर अक्षर लावून. ते म्हणजे डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर. (त्यांचं आडनाव मराठीत सुखटणकर, सुखठणकर असंही लिहिलेलं सापडतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी कामाला येणार आहे.)

गणिताकडून व्याकरणाकडे

सुकथनकरांचा जन्म 4 मे 1887 रोजी मुंबईचा. शिक्षण मुंबईत, सेंट झेवियर्स कॉलेजपर्यंत. पुढे ते इंग्लंडला केंब्रिजला गेले आणि तिथे शिकले गणित. संस्कृतचा एवढा मोठा पंडित मुळात गणिताचा विद्यार्थी होता, हे मुलांना सांगितलं की त्यांना नवल वाटतं. पण त्यांचं पुढचं काम पाहिलं की नवल वाटत नाही. पुरावा किती, त्यातून काय सिद्ध होतं आणि काय होत नाही, ही शिस्त त्यांच्या लेखनात शेवटपर्यंत दिसते.

केंब्रिजनंतर ते जर्मनीत बर्लिनला गेले. तिथे हाइनरिश ल्यूडर्स हे प्राच्यविद्येचे नामवंत प्राध्यापक होते. त्यांच्या हाताखाली सुकथनकरांनी शाकटायनाच्या संस्कृत व्याकरणावर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवली. इथे एक योगायोग आहे. महाभारताची सगळ्या हस्तलिखितांवर आधारलेली, तपासून घेतलेली आवृत्ती निघायला हवी, अशी मागणी विंटरनित्स या विद्वानांनी 1897 साली पॅरिसच्या परिषदेत केली होती. त्यानुसार युरोपात काम सुरू झालं आणि 1908 साली एक छोटा नमुना छापलाही गेला. तो नमुना तयार करणारे होते हेच ल्यूडर्स. पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि युरोपातलं ते काम थांबलं. गुरूच्या हातून सुटलेलं काम पुढे शिष्यानं पुण्यात हाती घेतलं.

दगड, ताम्रपट आणि नाटकं

भारतात परतल्यावर सुकथनकर पुरातत्त्व खात्याच्या पश्चिम विभागात लागले. काम होतं जुने लेख वाचण्याचं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या भांदक इथे सापडलेले राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याचे शके 694 चे ताम्रपट त्यांनी वाचून प्रसिद्ध केले.

ताम्रपट वाचणं म्हणजे काय, ते वर्गात जरूर सांगा. अक्षरं झिजलेली असतात. कोरणाऱ्यानं चुका केलेल्या असतात. दोन शब्दांत मोकळी जागा सोडायची पद्धत नसते, सगळी अक्षरं सलग. मग वाचणाऱ्याला आधार कशाचा? ठरलेल्या साच्याचा. दानपत्रात आधी राजाची वंशावळ येते, मग दान कोणाला दिलं, गाव कोणतं, चतुःसीमा काय, आणि शेवटी दान मोडणाऱ्याला शाप. हा साचा माहीत असला की पुसट ओळीत काय असायला हवं याचा अंदाज बांधता येतो. पण खरी परीक्षा इथेच असते. जे असायला हवं तेच दिसायला लागतं. अंदाज आणि प्रत्यक्ष अक्षर यांत फरक करता आला पाहिजे. ही सवय त्यांच्या हाताला इथे लागली.

1919 नंतर दोनेक वर्षं ते अमेरिकेत होते. तिथे त्यांनी भासाच्या नाटकांचा अभ्यास केला. भास हा कालिदासाच्याही आधीचा नाटककार. त्याचं नाव माहीत होतं, नाटकं हरवलेली होती. 1912 पासून त्रिवेंद्रमचे टी. गणपतिशास्त्री यांनी तेरा नाटकं प्रसिद्ध केली आणि ती भासाचीच आहेत असं सांगितलं. त्यावर मोठा वाद पेटला. एक बाजू म्हणे सगळी भासाची, दुसरी बाजू म्हणे एकही नाही.

सुकथनकरांनी कुठलाही झेंडा हाती घेतला नाही. त्यांनी नाटकं समोर घेतली आणि मोजायला सुरुवात केली. प्राकृत भाषेची जुनी रूपं कुठे येतात, कोणती वृत्तं किती वेळा येतात, कोणती वाक्यं आणि कल्पना एका नाटकातून दुसऱ्यात जशाच्या तशा येतात, याच्या याद्या केल्या. या परत परत येणाऱ्या जागांची जुळणी त्यांनी वेगळ्या लेखात छापली. चारुदत्त हे नाटक आणि मृच्छकटिक यांचा मजकूर खूप ठिकाणी जुळतो. तिथे त्यांनी नुसतं साम्य दाखवून थांबायचं नाकारलं. दोन्हींतल्या जुळणाऱ्या जागा शेजारी ठेवून, कोणत्या प्रतीत जुनं रूप टिकून आहे ते तपासलं, आणि एकंदरीत चारुदत्ताचा मजकूर जुना दिसतो असं मत दिलं. माझ्या दोन वह्यांच्या बाबतीत मी नेमकी हीच पायरी गाळली होती. भासाच्या स्वप्नवासवदत्त नाटकाचा त्यांनी केलेला इंग्रजी अनुवाद 1923 साली निघाला.

पुण्यातलं मोठं काम

आता पुण्याकडे येऊ. सर रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या नावानं 6 जुलै 1917 रोजी पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था स्थापन झाली. विधी महाविद्यालय रस्त्यावरची ती दगडी इमारत आपल्यापैकी अनेकांनी बाहेरून पाहिली असेल. संस्थेनं ठरवलं की महाभारताची चिकित्सित आवृत्ती आपण काढायची. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी एक लाख रुपयांचं साहाय्य जाहीर केलं. त्या काळी ही रक्कम केवढी असेल याचा हिशोब मुलांना घालून बघा. 1 एप्रिल 1919 रोजी खुद्द डॉ. भांडारकरांच्या हस्ते कामाचा आरंभ झाला.

काम सुरू तर झालं, पण ते किती अवघड आहे हे हळूहळू कळायला लागलं. नारायण बापूजी उटगीकरांनी 1923 साली विराटपर्वाची एक प्राथमिक आवृत्ती काढून विद्वानांकडे मतासाठी पाठवली. त्यानंतर 1925 साली सुकथनकर प्रमुख संपादक म्हणून आले. त्यांनी आधीच्या कामाचा आढावा घेतला आणि पद्धत नव्यानं घालून दिली.

अडचण काय होती? महाभारताची व्यासांच्या हातची प्रत कुठेही नाही. आहेत त्या नकलांच्या नकला. काश्मीरमध्ये शारदा लिपीत, नेपाळमध्ये नेवारीत, बंगालमध्ये बंगाली लिपीत, दक्षिणेत तेलुगू, ग्रंथ आणि मल्याळम लिपीत, आणि आपल्याकडे देवनागरीत. कुठल्याही दोन पोथ्या पूर्ण सारख्या नाहीत. कुठे एक अक्षर वेगळं, कुठे पूर्ण अध्याय जास्तीचा. दक्षिणेकडच्या पोथ्या तर उत्तरेकडच्या पोथ्यांपेक्षा बऱ्याच लांब.

चौकटीचा कागद

या गुंत्यातून वाट काढायला सुकथनकर आणि त्यांचे सहकारी वापरत ती युक्ती तुम्ही उद्या वर्गात करू शकता. एक मोठा कागद घ्यायचा. त्यावर उभ्या-आडव्या रेघा मारून चौकटी करायच्या. सर्वांत वरच्या ओळीत प्रचलित छापील प्रतीतला एक श्लोक लिहायचा, एका चौकटीत एक अक्षर. महाभारतात सगळ्यांत जास्त येणारं वृत्त अनुष्टुभ्, म्हणजे एका श्लोकात 32 अक्षरं. खाली प्रत्येक पोथीसाठी एक आडवी ओळ. पोथी वाचत जायचं आणि जिथे अक्षर वेगळं असेल तिथे, त्याच अक्षराच्या खाली, ते लिहायचं. जिथे जुळतं तिथे चौकट मोकळी. जास्तीचा श्लोक आला तर तो वेगळ्या कागदावर.

आदिपर्वासाठी त्यांनी सुमारे 60 पोथ्यांचे पाठभेद नोंदले. 60 ला 32 नं गुणा: एका श्लोकाला 1,920 चौकटी. आणि ठरलेल्या मजकुरात एकट्या आदिपर्वाचे अध्याय आहेत 225. शिवाय प्रत्येक लिपी वाचणारे लोक हवेत. म्हणून पुण्यात शास्त्री आणि पदवीधर मंडळी हे काम करतच होती, पण तंजावरला सरस्वती महाल ग्रंथालयात आणि शांतिनिकेतनला विश्वभारतीतही पोथ्या जुळवण्याची केंद्रं चालत. तिथे भरलेले कागद पुण्याला येत.

एकदा असा कागद भरला की उभा स्तंभ खाली वाचत जायचं. एखाद्या स्तंभात एकच अक्षर, म्हणजे सगळ्यांचं एकमत. एखाद्यात दोन किंवा तीन, म्हणजे तिथे थांबून विचार करायचा.

मत मोजून नाही, साक्षीदार तपासून

इथे मुलं हमखास म्हणतात, सोपं आहे बाई, जास्त पोथ्या ज्या बाजूला ते खरं! सुकथनकरांचं मोठेपण असं की त्यांनी हे मतदान मान्य केलं नाही. एकाच पोथीच्या वीस नकला झाल्या असतील तर ते वीस साक्षीदार नव्हेत, एकच साक्षीदार वीस वेळा बोलतोय. माझ्या वर्गातल्या पाच वह्यांमागे फळा एकच होता, तसंच.

मग भरवसा कशावर? ज्यांची गाठभेट होण्याची शक्यता कमी अशा साक्षीदारांच्या एकमतावर. काश्मीरमधली शारदा पोथी आणि केरळातली मल्याळम पोथी. मध्ये सगळा देश. लिपी वेगळी, वाचणारे वेगळे, नक्कल करणारे वेगळे. हे दोघं एखाद्या जागी जुळले आणि मधल्या सगळ्या पोथ्यांत काही वेगळं असलं, तरी जुनं रूप या दोघांकडे असण्याचा संभव मोठा.

चुकांचंही तसंच. काही चुका कोणाकडूनही होतात. आपल्या वर्गात आशीर्वादचं आर्शीवाद किती मुलं करतात! त्यावरून कोणी कोणाची नक्कल केली असं म्हणता येत नाही. जुन्या देवनागरीत घ आणि ध, भ आणि म, प आणि य यांची गल्लत अशीच सहज व्हायची. पण एखादी विचित्र, सहसा न होणारी चूक दोन पोथ्यांत आली, तर त्या दोन्ही एकाच मुळावरून आल्या असं म्हणायला जागा होते. त्यातही एक अडचण होतीच. नक्कल करणारे काही वेळा दोन-तीन पोथ्या समोर ठेवून लिहीत. गैरहजर मुलगा दोन मित्रांच्या वह्या घेऊन आपली वही पूर्ण करतो ना, तसं. त्यामुळे पोथ्यांची स्वच्छ वंशावळ काढणं शक्य नाही, हे सुकथनकरांनी मोकळेपणानं मान्य केलं आणि दर ठिकाणी सावधपणे निर्णय घेतला.

या सावधपणाची खरी कसोटी लागली ती लोकांच्या आवडत्या कथांपाशी. गणपतीनं व्यासांचा लेखक होऊन महाभारत लिहिलं, ही गोष्ट आपण सगळे लहानपणापासून सांगत आलो. अनेक महत्त्वाच्या पोथ्यांत ती नाही. द्रौपदीनं स्वयंवरात सूतपुत्राला वरणार नाही असं म्हणून कर्णाला नाकारलं, हा प्रसंग तर नाटकांत, सिनेमांत, मालिकांत पक्का बसलेला. तो फार थोड्या पोथ्यांत सापडतो. सुकथनकरांनी हे दोन्ही मूळ मजकुरातून बाजूला काढले. 1933 साली आदिपर्व पूर्ण झालं तेव्हा पिढ्यानपिढ्यांच्या श्रद्धेला हात घालण्याचं हे धाडस होतं.

पण त्यांनी ते फेकून दिलं नाही. बाजूला काढलेली प्रत्येक ओळ तळटीपेत किंवा परिशिष्टात, कोणत्या पोथीत आहे आणि कोणत्या पोथीत नाही त्याच्या नोंदीसह छापली. वाचकाला संपादकाचा निर्णय पटला नाही तर सगळा पुरावा त्याच पानावर हजर. आणि जिथे त्यांना स्वतःलाच खात्री नव्हती, तिथे अक्षरांखाली नागमोडी रेघ मारलेली आहे. पानावर ही रेघ पुष्कळ ठिकाणी दिसते. शिक्षक म्हणून मला ही रेघ फार मोलाची वाटते. आपल्याला पक्कं माहीत नाही हे छापून सांगण्याची तयारी किती जणांची असते?

आदिपर्व प्रसिद्ध झाल्यावर काही वर्षांनी नेपाळच्या राजगुरू हेमराज पंडितांच्या संग्रहातली आदिपर्वाची एक फार जुनी ताडपत्री पोथी पुढे आली. संपादनाच्या वेळी ती हाताशी नव्हती. तिचा मजकूर ठरवलेल्या मजकुराशी ठिकठिकाणी जुळला. बाजूला काढलेले कितीतरी भाग तिच्यातही नव्हते. प्रश्नपत्रिका सोडवून झाल्यावर शेवटी उत्तराची कळ मिळावी आणि उत्तरं जुळावीत, तसं हे झालं. सुकथनकरांनी या पोथीवर वेगळा लेख लिहिला.

भृगूंचा माग आणि शेवटचे दिवस

पोथ्या जुळवता जुळवता त्यांना आणखी एक नमुना दिसला. महाभारत ही कौरव-पांडवांची कथा. मग तिच्यात भृगुकुळातल्या ऋषींच्या इतक्या कथा का? च्यवन, और्व, जमदग्नी, परशुराम. परशुरामानं एकवीस वेळा पृथ्वी निःक्षत्रिय केली, हा उल्लेख तर जवळजवळ ठरलेल्या शब्दांत पुनःपुन्हा येतो. सुकथनकरांनी सगळ्या पर्वांतून या कथा गोळा केल्या आणि मूळ भारताचं महाभारत होताना भृगुकुळातल्या लोकांचा त्यात हात असावा, असा तर्क मांडला. त्यावर विद्वानांत अजूनही चर्चा चालते. पण आधी सगळे उल्लेख एकत्र करायचे आणि मगच बोलायचं, ही पद्धत पाहण्यासारखी आहे.

1942 साली त्यांनी संपादित केलेलं आरण्यकपर्व निघालं. इतकी वर्षं एकेका अक्षराशी झगडणाऱ्या माणसाला या ग्रंथाचा अर्थ काय वाटतो, हे ऐकण्याची लोकांना उत्सुकता होती. जानेवारी 1943 मध्ये मुंबई विद्यापीठात महाभारताच्या अर्थावर त्यांची चार व्याख्यानं ठरली. तीन झाली. चौथं व्हायच्या आधीच, 21 जानेवारी 1943 रोजी, त्यांचं अचानक निधन झालं. वय अवघं 55. ती व्याख्यानं पुढे 1957 साली पुस्तकरूपानं आली. त्यांचे इतर लेख भांडारकर संस्थेतले त्यांचे सहकारी प. कृ. गोडे यांनी संपादित करून स्मारक ग्रंथाच्या दोन खंडांत आणले.

काम मात्र थांबलं नाही, कारण पद्धत घालून दिलेली होती. त्यांच्यानंतर श्री. कृ. बेलवलकर आणि मग प. ल. वैद्य प्रमुख संपादक झाले. 22 सप्टेंबर 1966 रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या उपस्थितीत पुण्यात काम पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. एकूण 1,259 हस्तलिखितं, 19 खंड. आरंभापासून 47 वर्षं. हा मजकूर पुढे जपानमधले प्रा. तोकुनागा यांनी संगणकावर चढवला आणि केंब्रिजचे जॉन स्मिथ यांनी तो तपासून सुधारला. भृगूंच्या उल्लेखांसाठी सुकथनकरांना पानं न् पानं चाळावी लागली. आज योग्य नमुना दिला तर शोध काही क्षणांत होतो.

संगणकाच्या तासाला

आता आपण आपल्या पाठाकडे येऊ. मजकुरातला नमुना लिहिण्याच्या या भाषेला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. तिचा गणिती पाया स्टीफन क्लीनी यांनी 1950 च्या दशकात घातला, आणि केन थॉम्प्सन यांनी 1968 साली संगणकावर असा शोध घेण्याची रीत प्रसिद्ध केली. मी मुलांना तीन प्रयोग देते.

पहिला प्रयोग: आडनाव. सुरुवातीला म्हटलं होतं ना, सुकथनकर हे नाव अनेक प्रकारे लिहितात? चौकटीचा कागद करा. सुकथनकर, सुखटणकर, सुखठणकर एकाखाली एक लिहा. दुसऱ्या अक्षराच्या स्तंभात क आणि ख, तिसऱ्यात थ, ट, ठ, चौथ्यात न आणि ण. हेच संगणकाला सांगायचं तर चौकटी कंस वापरायचे:

सु[कख][थटठ][नण]कर

कंसातल्यापैकी कुठलंही एक अक्षर चालेल, असा त्याचा अर्थ. म्हणजे कंस हा सुकथनकरांच्या कागदावरचा एक उभा स्तंभच झाला. मुलांना विचारा, एवढ्याशा नमुन्यात किती रूपं बसली? 2 गुणिले 3 गुणिले 2, म्हणजे 12. त्यातली बरीच कोणी कधी लिहीतही नसेल. शिवाय हाच नमुना ओडिशाचे एकेकाळचे राज्यपाल यशवंत नारायण सुकथनकर यांनाही पकडेल. आडनाव जुळलं, माणूस वेगळा!

दुसरा प्रयोग: पुणे. एखाद्या धड्यात पुण्याचा उल्लेख किती वेळा आला ते शोधायला सांगा. नुसतं पुणे शोधलं तर पुण्यात, पुण्याहून ही रूपं निसटतात, कारण मराठीत प्रत्यय लागताना शब्दाचं सामान्यरूप होतं. मग हुशार मुलं पुण एवढाच नमुना देतात. आता पुणे, पुण्यात, पुणेकर सगळे येतात. पण सोबत पुण्य येतं, पुण्यवान येतो आणि निपुणही येतो! शब्दाच्या सुरुवातीलाच शोध, अशी खूण दिली तरी निपुण जात नाही. पायथनचं नेहमीचं शोधसाधन वेलांटी, उकार, मात्रा यांना शब्दातलं अक्षर धरत नाही. त्यामुळे निपुणमधल्या वेलांटीनंतर नवा शब्द सुरू झाला असं त्याला वाटतं. शिवाय पुणे या शब्दाची लांबी पायथन 4 सांगतं: प, उकार, ण आणि मात्रा. आपण अक्षरं दोन मोजतो.

तिसरा प्रयोग: कुजबुज. पाच ओळींचा उतारा पहिल्या मुलाला द्या. त्यानं नक्कल करून पुढच्या दोघांना द्यायची, त्यांनी आणखी दोघादोघांना. शेवटी मूळ उतारा लपवा आणि फक्त शेवटच्या वह्यांवरून मुलांना तो परत तयार करायला सांगा. कोणती अक्षरं ठरली, कुठे नागमोडी रेघ मारली आणि का, हे प्रत्येक गटानं सांगायचं. घरी पालकांनाही हा खेळ घेता येईल. आजीच्या हातच्या पाककृतीच्या दोन-तीन घरांतल्या वह्या शेजारी ठेवून बघा, गंमत येते.

आता वह्या तपासताना दोन चुका सारख्या दिसल्या की मी आधी तिसरी वही उघडते. मग चौथी. आणि त्याच्याही आधी, फळ्यावर काय लिहिलं होतं ते आठवून बघते. तुमच्या वर्गात हे प्रयोग करून पाहिलेत तर अनुभव जरूर कळवा.